एक जून छप्पन

“एक जून छप्पन कोण हाय?” बँकेतल्या क्लार्कनं काचेमागून हाक मारली आणि बाकांवरच्या पाच म्हाताऱ्या एकदम उठल्या. एकीनं पदर सावरला, एकीनं पिशवी काखेत मारली, एक गुडघ्यावर हात टेकून “आलो, आलो” म्हणाली, एक नुसतीच उभी राहून बाकीच्यांकडं रागानं बघायला लागली, आणि पाचवी होती गोमटेशची आई, अव्वा. नोव्हेंबर महिना. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकानं ह्या महिन्यात येऊन आपण अजून हयात आहोत हे बँकेला दाखवायचं असतं, म्हणून राजारामपुरीतल्या त्या शाखेत सकाळी अकरालाच जत्रा भरली होती. क्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. “पाटील म्हणून हाक मारली तर निम्मी बँक उठतीया, म्हणून तारखेनं मारली, तर ही तऱ्हा. समद्या एकाच दिवशी जन्माला आलासा व्हय आज्जी?” बँक हसली. म्हाताऱ्याही हसल्या. हसण्यात कोल्हापूरकर कधी मागं राहत नाही. गोमटेशही तोंड भरून हसला, आणि हसता हसताच थांबला. कशानं, ते त्याला लगेच कळलं नाही. डोक्यावर पंखा गरगरत होता तरी मानेवरून घामाचा एक थेंब सरळ पाठीत उतरला. पाच बायका काचेसमोर उभ्या होत्या आणि क्लार्क नवऱ्यांची नावं विचारून त्यांचे कागद लावून घेत होता.

तसं बघायला गेलं तर ह्यात नवल ते काय. त्या वयाच्या निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जूनलाच असतो. शाळेत घालताना पोराची तारीख कुणाला ठाऊक असायची? अव्वाला तिच्या बापानं कुरुंदवाडच्या शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी तिचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगितला. बोटं कानाच्या पाळीला पोचली, म्हणजे सहा पुरी झाली. शाळा जूनमध्ये सुरू, मग लिहा एक जून, आणि साल मागं मोजून टाका. झाली जन्मतारीख. चौथीत शाळा सुटली, तारीख मात्र जन्माला चिकटली. खरा जन्म विचारला तर अव्वा सांगायची, मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या साली, शेंगा काढायच्या वक्ताला. गोमटेशनं पहिल्या पगारात हौसेनं एक जूनला साडी आणली होती, तर ती म्हणाली, “आज कुणाचं काय हाय?” घरात त्या गोष्टीवर कितीतरी वर्षं हसून झालं होतं. म्हणजे हे सगळं त्याला ठाऊक होतं. लहानपणापासून, हाताच्या तळव्यासारखं ठाऊक होतं. आणि तरीही, हा विचार आला मात्र, गोमटेशनं बाकाची कड घट्ट धरली.

कारण गेल्या महिन्यात त्यानं तीन बायकांची एक बाई केली होती.

त्याचं काम लोकांना समजावून सांगायचं म्हटलं की त्याची पंचाईत व्हायची. शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर एक कचेरी होती, मुख्य कार्यालय पुण्याला. औषध घेतलं आणि कुणाला काही वाईट झालं, अंगावर पुरळ उठलं, उलट्या झाल्या, माणूस पडला, की डॉक्टर एक फॉर्म भरून पाठवतो. औषध कंपन्यांच्या वतीनं असे फॉर्म गोमटेशच्या कचेरीत यायचे आणि इथली माणसं ते सरकारला लागतात त्या ठरलेल्या साच्यात बसवायची. साचा सगळ्या जगात एकच. कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते ठरलेलं, काय लिहायचं नाही तेही ठरलेलं. पुरुष म्हणजे एक, बाई म्हणजे दोन. बरा झाला एक, बरा होतोय दोन, मेला पाच. नाव लिहायचं नाही, माणसाची अब्रू झाकलेली राहावी म्हणून फक्त पहिली अक्षरं. जन्मतारीख आधी साल, मग महिना, मग दिवस, मध्ये रेघ नाही की जागा नाही. गोमटेशला हे फार आवडायचं. ज्या घरात पावणेरावळ्यांची वयं पुरावरून आणि दुष्काळावरून मोजली जायची त्या घरातला हा माणूस, त्याला त्या चौकटींत बसल्यावर पाय जमिनीला लागल्यासारखे वाटायचे. माहीत नसणं हेसुद्धा तिथं नीट मांडून ठेवलेलं होतं. एखादी गोष्ट माहीत नसेल तर चौकट नुसती रिकामी सोडायची नाही, ते ‘माहीत नाही’ कोणत्या प्रकारचं ते सांगायचं. विचारलं पण कळलं नाही, त्याला एक खूण. विचारलंच नाही, त्याला दुसरी. माहीत आहे पण झाकून ठेवलंय, त्याला तिसरी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तो रात्री जेवताना आदितीला, म्हणजे बायकोला, सांगत बसला होता, की बघ, दुनियेत इतकी शहाणी माणसं आहेत. ती म्हणाली होती, आमटी गार होतीया.

आणि डुप्लिकेट पकडण्यात तर त्याचा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. एकच पेशंट गावातल्या डॉक्टरकडं जातो, मग मोठ्या दवाखान्यात जातो, दोघेही फॉर्म धाडतात, आणि एका माणसाचे दोन होतात. तसं होऊ द्यायचं नाही. नियम साधा होता. पहिली अक्षरं, जन्मतारीख, बाई की पुरुष, औषध आणि झालेला त्रास, एवढं जुळलं की मशीन पिवळी पट्टी दाखवायचं, आणि माणसानं बघून जोडून टाकायचं. जन्मतारीख जुळणं म्हणजे मोठी साक्ष, वर्षाला तीनशे पासष्ट दिवस असतात, असं पुण्याहून शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर गणित मांडून दाखवलं होतं. गोमटेशनं ते वहीत उतरवून घेतलं होतं. त्या खोलीत बसलेल्या एकूण एकाच्या घरी एक जूनवाली एक तरी म्हातारी होती, आणि एकाही शहाण्याचं तोंड उघडलं नाही. गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त डुप्लिकेट पकडल्याचं प्रशस्तिपत्रक त्याला मिळालं, ते अजून फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

ऑक्टोबरमध्ये तीन फॉर्म आले होते. एक शिरोळ तालुक्यातल्या डॉक्टरचा, एक कागलहून, एक वारणेकडचा. सी. आ. पा., बाई, १९५६०६०१, ब्लडप्रेशरची तीच गोळी, त्रास तोच, शुद्ध हरपून पडणं. पट्टी पिवळी झाली. गोमटेशनं चहाचा घोट घेतला आणि बॅच बघितली. गोळ्यांची प्रत्येक खेप कारखान्यात एका नंबराखाली निघते, तो नंबर तिन्ही फॉर्मवर एकच होता. मग तर शंकाच उरली नाही, बॅचसुद्धा एकच म्हणजे बाई एकच. तीन डॉक्टर हिंडली असणार. आता ह्या बाकावर बसून त्याला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. बॅच एक होती म्हणून बाई एक नव्हती. बाया तीन होत्या आणि बॅच वाईट होती. एका बॅचची तीन वेगळी माणसं महिन्याभरात आली की कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, गोळ्या दुकानांतून मागं घ्यायच्या, असा नियम होता, आणि ते तीन गोमटेशनं एक करून ठेवले होते. बरं, आंधळेपणानं केलं म्हणावं तर तसंही नाही. तिन्हीवर वजन होतं. चव्वेचाळीस, एकसष्ट आणि बावन्न. त्याला दिसलं होतं ते. त्यानं मान वाकडी करून दोन क्षण बघितलं होतं आणि शेऱ्याच्या चौकटीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, वजनातील फरक काट्यामुळे. आणि दुसऱ्या फॉर्मवर गेला होता.

“अंगठा ठेवा आज्जी,” क्लार्क म्हणत होता. अव्वानं काचेखाली लाल उजेड पडणाऱ्या डबीवर अंगठा ठेवला. मशीन टुंग करून नाही म्हणालं. ऊस, भुईमूग, शेणी, भांडी, पन्नास वर्षांत अंगठ्यावरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. क्लार्कनं तिचा अंगठा रुमालानं पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा टुंग. “मशीन म्हणतंय तुम्ही न्हाईसा,” क्लार्क हसत म्हणाला. अव्वा म्हणाली, “मशीनला म्हणावं, मी हितंच हाय की. चालत आलो.” मागची बाई खळखळून हसली. गोमटेशला ते हसणं लांबून, विहिरीतून आल्यासारखं ऐकू आलं. तो बघत होता अव्वाच्या मानेकडं, पांढऱ्या अंबाड्याखालच्या त्या बारीक खळग्याकडं. अव्वा ब्लडप्रेशरची गोळी घेते. हे त्याच्या मनात आत्ता आलं. आत्तापर्यंत का आलं नाही, कोण जाणे. अव्वाचं नाव सीताबाई. नवऱ्याचं नाव आप्पासाहेब. आडनाव पाटील. सी. आ. पा.

तिसऱ्या खेपेला मशीननं अंगठा घेतला, अव्वा हयात ठरली. ती बाकावर येऊन बसली तसं त्यानं विचारलं, “अव्वा, बीपीची गोळी कुठली घेतीस तू आता?” आवाज साधा ठेवायचा त्यानं आटोकाट प्रयत्न केला. “ती आपली, पांढरी,” ती म्हणाली, “दिवाळीला कुरुंदवाडला गेलतो तवा डॉक्टरनं बदलून दिली की.” चष्म्याच्या डबीत ती गोळ्या ठेवायची. तिनं डबी उघडली आणि चष्म्याखालून एक तुकडा काढून दिला. चार गोळ्यांचा तुकडा. नाव तेच होतं, निळ्या अक्षरांतलं, अर्धं कापलेलं, पण तेच. त्यानं तुकडा पालथा केला. बॅचचा नंबर पाकिटाच्या एका टोकालाच छापलेला असतो, आणि दुकानदारानं कात्री मारलेली होती. दहाचं पाकीट पुरं कोण घेतं, महिना पुढं ढकलायचा म्हणून चार कुणाला, सहा कुणाला, असं कापून देतात, सगळीकडं देतात, लहानपणापासून त्यानं तेच बघितलं होतं. नंबर असलेलं टोक दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलं होतं. त्यानं तुकडा खिशात घातला. “ठेव की हितं, दुपारी लागल,” अव्वा म्हणाली. “दुपारी न्हाय घ्यायची,” तो म्हणाला. “का?” “जुनी झालीया. नवी आणू.” तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि डबी पिशवीत टाकली. बँकेच्या पायऱ्यांवर येऊन त्यानं कुरुंदवाडच्या मेडिकलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “त्ये खोकं कवाच संपलं की, पावणं. गोळी चांगली खपतीया. नवीन खोकं मागवलंय.” विचारलं पण कळलं नाही, त्याला एक खूण असते.

रिक्षात अव्वा शेजारी बसली होती आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. गोमटेशच्या डोक्यात भीतीनं हळूहळू बस्तान मांडलं. आता ती नीट विचार करायला लागली होती. जनता बझारच्या चौकात सिग्नल लागला. दुचाकीवर एक म्हातारी मागं बसली होती, हातात दवाखान्याची फाइल. फुटपाथवर एक भाजी निवडत होती. मेडिकलच्या पायरीवर एक उभी होती, कात्रीनं कापलेला तुकडा उजेडात धरून तारीख बघत होती की काय. सगळ्यांचे हात लहानपणी कानाला पोचले असणार. त्याला वाटलं, रिक्षातून उतरून प्रत्येकीला विचारावं, मावशी, कुठली गोळी घेता, बॅच बघू. त्याच वेळी दुसरंही एक मन बोलत होतं, आणि ते मन फार शांत होतं, ते म्हणत होतं, गोमटेश, तू नियमानंच केलंस. नियमात वजन नाही. मशीननं पट्टी दाखवली, तू दाबलंस. कोण तुला बोल लावणार? मूग गिळून बस, हळूच एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येईल. गुरुवारी ऑडिट आहे, पुण्याची माणसं येणार, त्यांच्यासमोर आपणच आपला पंचा सोडायचा का? त्रेचाळीस वय झालं, ह्या शहरात ह्या कामाची दुसरी कचेरी नाही. हे मन त्याला भीतीपेक्षा भयंकर वाटलं, कारण ते त्याच्याच आवाजात बोलत होतं. अव्वा म्हणाली, “तुला बरं वाटत न्हाय काय? तोंड असं का दिसतंय?” तो म्हणाला, “ऊन लागलंय.”

कचेरीत बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. काचेच्या दारापाशी बाकावर अव्वाला बसवून, कँटीनला चहा सांगून तो आत गेला, मोबाइल कुलपात ठेवला, आणि ती एक बाई उघडली. आत तीन फॉर्म, एकाखाली एक, त्यानंच जोडलेले. वर मुख्य नोंद, पहिल्या फॉर्मची. स्थिती, एक. बरी झाली. त्याला क्षणभर खरंच बरं वाटलं. मग त्यानं खाली बघितलं. वारणेकडच्या डॉक्टरनं दहा दिवसांपूर्वी पुरवणी पाठवली होती. जोडलेल्या नोंदीची पुरवणी आपोआप पोटात जाते, कुणी उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि एक झालेल्या बाईची नोंद कोण उघडतो? त्यानं उघडली. दोनच ओळी होत्या. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली, डोक्याला मार लागला, तिसऱ्या दिवशी गेली. स्थिती, पाच. गोमटेश त्या आकड्याकडं बघत राहिला. वजन बावन्न. ती बावन्न किलोची बाई होती, तिला नाव होतं, ते त्याला कधीच कळणार नव्हतं, कारण तिची अब्रू झाकलेली होती. तिचा दहावा झाला असेल. पोरं केस काढून हिंडत असतील. आणि इथं ती बरी झालेली होती. मागच्या टेबलावर कुणीतरी की-बोर्ड बडवत होतं, एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं, आणि तो उठला.

वर्षाराणी मॅडम त्याच्या वरच्या. कागलच्या, वयानं त्याच्यापेक्षा लहान, कामाला वाघ. त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकलं, पडद्यावर बघितलं, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. “नियमाप्रमाणे जोडणी बरोबर आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “व्हय,” गोमटेश म्हणाला. “उलटी करायची तर पुण्याची परवानगी लागते. शुक्रवारी मागू. ऑडिट होऊ दे.” “शुक्रवारपत्तुर गोळ्या विकतीलच की मॅडम.” “तुमची खात्री आहे का त्या तीन आहेत म्हणून? पुरावा काय? एकीचं तरी नाव आहे का आपल्याकडं?” त्याच्याकडं नाव नव्हतं. वजन होतं, आणि वजनाला त्यानंच काट्याचा शेरा मारून ठेवला होता. “बँकेत पाच जणी उठल्या,” तो म्हणाला, आणि हे बोलताना ते किती खुळ्यासारखं वाटतंय हे त्याला कळलं. वर्षाराणी मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि कचेरीतली भाषा गळून पडली. “माझी आजी बी एक जूनचीच हाय,” त्या म्हणाल्या. “आणि मी तुमच्या जोडणीवर सही केलीया.” त्या आपल्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या फोनकडं बघत बसलेल्या काचेतून दिसत होत्या.

तो बाहेर आला. अव्वानं चहा बशीत ओतला होता आणि फुंकर घालत होती. जैनांच्या रीतीनं सूर्य मावळल्यावर ती काही खात-पीत नाही, म्हणून दिवसाउजेडी मिळालेला चहा ती कधी परत करत नाही. गोमटेश तिच्यापुढं उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. “अव्वा, खरं सांग. तुला कधी घेरी आली? ही गोळी सुरू झाल्यावर?” तिनं बशी खाली ठेवली. “न्हाय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “परवा जरा बसलो.” “बसलो म्हंजे?” “न्हाणीत. पाणी घेताना डोळ्यांपुढं काळं झालं, भितीला धरून खाली बसलो. मग किती वेळ गेला काय की. बादली भरून वाहत हुती. चतुर्दशीचा उपास हुता, त्यानं झालं असल. आदिती शाळंला शिकवाय गेलती. कशाला सांगायचं? तुमी लगेच दवाखाना काढता.” तो तिच्या कपाळाकडं बघत होता. भुवईच्या वर, केसांच्या कडेला, एक निळसर डाग होता, नाण्याएवढा. तो डाग परवापासून तिथं असणार. त्यानं दोन दिवस तिच्या समोर बसून जेवण केलं होतं. विचारलंच नाही, त्यालाही एक खूण असते. तो तिच्या पायाचा अंगठा धरून बसला. “गोमू, काय झालंय रं?” अव्वा म्हणाली. “मला भ्या वाटतंय अव्वा,” तो म्हणाला. “कशाचं?” “माझंच.” तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कचेरीच्या दारात, रखवालदार बघत असताना. तिचा तळवा चहानं गरम झाला होता.

कचेरीचा एक नियम असा होता, आणि तो पुण्याच्या परवानगीत अडकत नव्हता. औषधानं कुणाला त्रास झाल्याचं कानावर आलं, मग ते लग्नाच्या पंगतीत का असेना, तर ज्याच्या कानावर आलं त्यानं चोवीस तासांत नोंद करायची. गोमटेश जागेवर जाऊन बसला आणि नवा फॉर्म उघडला. सी. आ. पा. बाई, दोन. वजन किती हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून पुन्हा बाहेर जाऊन विचारून आला, ती म्हणाली अठ्ठेचाळीस असल, मठात जत्रेला काटा आणलेला तवा अठ्ठेचाळीस हुतं. औषध, तेच. बॅच, विचारलं पण कळलं नाही. त्रास, शुद्ध हरपून पडणं. जन्मतारखेपाशी तो थांबला. गेली अकरा वर्षं तो ही चौकट दिवसातून शंभरदा भरत होता. पोराची तारीख ठाऊक नाही म्हणायला त्या गुरुजींकडं खूण नव्हती, म्हणून त्यांनी एक जून लिहिलं. त्याच्याकडं खूण होती. पण तारीख झाकली असती तर मशीननं तिला ओळखलंच नसतं, नोंद निमूट आत गेली असती आणि त्या तिघी होत्या तिथंच राहिल्या असत्या. त्याला हे स्पष्ट कळलं. त्यानं आठ आकडे लिहिले, १९५६०६०१, आणि बटण दाबलं.

पट्टी पिवळी झाली. ही व्यक्ती पूर्वी नोंदलेली आहे. जुळणी शंभर टक्के. खाली त्या एका बाईची सगळी माहिती उलगडली, आणि त्यानं मघाशी पुरवणी उघडल्यामुळं असेल, स्थितीची चौकटसुद्धा आता बदललेली होती. पाच. मशीन त्याला सांगत होतं की बाहेर बाकावर बसलेली त्याची आई मेलेली आहे. जोडायचं का? हो, नाही. ‘हो’वर बोट ठेवायची अकरा वर्षांची सवय होती, आणि खरं सांगायचं तर बोट तिकडंच वळलं, वळलेलं त्यानं स्वतः बघितलं. ‘नाही’ म्हटलं की काय होतं हे त्याला पाठ होतं. जुळलेल्यांपैकी एक जरी वेगळी ठरली तरी सगळी जोडणी सुटते, सगळे फॉर्म पुन्हा मोकळे होतात, आणि पुण्याला, कंपनीला, सगळ्यांना त्याच मिनिटाला संदेश जातो, खाली जोडणाऱ्याचं नाव आणि त्याचा तो काट्याचा शेरा. गुरुवारच्या ऑडिटला पहिला कागद तोच निघेल. वर्षाराणी मॅडमची सही निघेल. फ्रिजवरचं प्रशस्तिपत्रक, आदितीचा चेहरा, लोकांना काय सांगायचं, की ह्यानं तीन बायका एकत्र केल्या आणि एक त्यात मेली. केबिनच्या काचेमागं मॅडमनी मान वर केली होती आणि त्या त्याच्याकडंच बघत होत्या. त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली नाही. होय म्हणूनही केली नाही.

त्यानं ‘नाही’ दाबलं. मशीननं विचारलं, वेगळी व्यक्ती असल्याचा पुरावा द्या. खाली शेऱ्याची चौकट उघडली, तीच, जिच्यात त्यानं महिन्यापूर्वी काट्याचं लिहिलं होतं. गोमटेशनं दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. अव्वानं बशी रिकामी केली होती आणि ती लुगड्याच्या पदरानं पुसून कपावर पालथी घालत होती, दुसऱ्याच्या घरी चहा प्याल्यावर घालायची तशी. मग तिनं चष्म्याची डबी उघडून आत बघितलं, गोळी नाही हे आठवलं असावं, आणि डबी बंद केली. त्यानं लिहिलं, रुग्ण जिवंत आहे. माझ्यासमोर बाकावर बसून आत्ताच चहा प्याली. इतर तीन व्यक्ती वेगळ्या आहेत, त्यातली एक मरण पावली आहे. वजने खरी आहेत. काटे बरोबर होते.